कास पठारावरचे कीटकभक्षी : दवबिंदू आणि सीतेची आसवे

साताऱ्याहून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर असलेल्या कास पठारावर या सप्टेंबरमध्ये आम्ही फुलांच्या गालिच्यांपेक्षा त्यातल्या दोन शिकारी वनस्पती पाहण्यासाठी गेलो होतो. इथल्या जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो आणि पावसाच्या माऱ्याने त्यातले नत्र व स्फुरद वाहून जाते. ही तूट या वनस्पती किडे पचवून भरून काढतात. अन्न मात्र त्या इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशावर तयार करतात.

दवबिंदू पहिल्यांदा शोधताना अर्धा तास गेला, कारण लालसर पानांचे ते चक्र एखाद्या नाण्याएवढेच असते आणि ओल्या कातळाला चिकटून वाढते. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक केसाच्या टोकावर उन्हातही न सुकणारा चिकट थेंब दिसला. एका पानावर चिलट अडकले होते; त्याच्या धडपडीने आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकले होते. याच केसांमधून पाचक रस स्रवतात, किड्याच्या शरीरातील प्रथिने विरघळतात, पान ती शोषून घेते आणि मागे रिकामे कवच उरते.

सीतेच्या आसवांची जांभळी फुले सर्वांना दिसतात, सापळा मात्र कोणालाच दिसत नाही. तो ओल्या मातीत, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा पिशव्यांमध्ये असतो. पिशवी आतले पाणी बाहेर टाकून आत कमी दाब निर्माण करते. दाराजवळच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडते आणि काही हजारांश सेकंदांत पाण्यासह तो जीव आत ओढला जातो. ही पिशवी पाहण्यासाठी रोप उपटण्याचा मोह कृपया टाळावा. एका झुपक्यामागे किती पावसाळ्यांची माती साठलेली असते, हे तिथे बसून पाहिल्यावर कळते.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर पोहोचावे आणि प्रवेशाचे आरक्षण आधीच करावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, रेनकोट आणि घट्ट पकड असलेले बूट सोबत हवेत. पाऊस उघडलेला असेल तेव्हा दवबिंदूचे थेंब स्पष्ट दिसतात. पायवाट सोडू नये. तिच्या कडेलाच, पाणी झिरपणाऱ्या उघड्या कातळावर गुडघे टेकून शोधल्यास दवबिंदू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.