हात मागे!

डाव्या खांद्याचं दुखणं घेऊन गेल्या हिवाळ्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. "बॉलिंग करता का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नाही, गाई गाभण आहेत का ते तपासतो. वीस वर्षं झाली, रोज खांद्यापर्यंत हात आत." माझा हात तेव्हा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी अलगद टेबलावर ठेवला आणि उठून बेसिनकडे गेले.

नागपूरच्या आपल्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा सेमिनरी हिल्सची झाडी, फुटाळ्यावरचा वारा, मेसचं पाणचट वरण असलं काही आठवायला हवं होतं. आठवले ते हातच. तेही पाठीमागे धरलेले.

१९५८ साली सुरू झालेल्या आपल्या कॉलेजात मी १९९८ ला आलो. तेव्हा कॉलेज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखाली होतं. २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच झालं आणि आमच्या बॅचच्या कागदपत्रांवर दोन विद्यापीठांची नावं आली. पहिली वर्षं हाडं, फॉर्मेलिनने झोंबणारे डोळे आणि पाठांतर यांत गेली. त्यावर कोणीतरी लिहीलच. आम्हाला ओढ होती क्लिनिकची. हाताने काहीतरी करायचं होतं.

क्लिनिकच्या पहिल्या दिवशी सरांनी ट्रेव्हिसमधल्या, म्हणजे जनावर उभं बांधायच्या चौकटीतल्या, गाईभोवती आम्हा दहा-बारा जणांना उभं केलं आणि म्हणाले, "हात मागे." पाच मिनिटं कोणी जनावराला हात लावायचा नाही. नाकपुडी ओली आहे की कोरडी, कान कसे आहेत, रवंथ चालू आहे का, भार कोणत्या पायावर आहे, शेण पातळ की घट्ट, एवढंच बघायचं. मग मालकाला विचारायचं आणि तो बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. त्यानंतर थर्मामीटर. त्यानंतर डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायची. निरोगी गाईचं कोठीपोट, म्हणजे चारा साठवणारं पहिलं पोट, दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला ढकलतं. आमच्यातल्या एकाने उजव्या बाजूला मूठ दाबून बारा मोजले होते. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणून नाव सांगत नाही.

मला ती पाच मिनिटं म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. मालक सावनेरहून, काटोलहून येणार, उन्हात टेम्पो उभा, आणि आम्ही पाहुण्यांसारखे बघत उभे!

मग तो मे महिना आला. कळमेश्वरकडचा एक कास्तकार गाय घेऊन आला. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. "लाळ थांबूनच नाही राहिली साहेब. घशात आंब्याची कोय अडकली असन. म्या हात घालून पाह्यला, माह्या पोरानंबी पाह्यला, लागलं नाही काही."

कोय अडकण्याचं प्रकरण आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. पाच मिनिटं गेली खड्ड्यात. मी बाही सारून पुढे झालो, एका हाताने तिचं नाक धरलं, दुसरा हात तोंडाशी नेला, आणि सर ओरडले, "हात मागे!" सर कधी ओरडत नसत. क्लिनिकातले सगळेच जागच्या जागी थांबले.

सरांनी कास्तकाराला एकच विचारलं, "गावात कुत्रं?" तो विचारात पडला. महिना-दीड महिन्याआधी एक कुत्रं पिसाळलं होतं, रात्री गोठ्यात शिरलं होतं. पण गाईला चावताना कोणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गाय हंबरली. फाटका, घोगरा आवाज, पुन्हा पुन्हा. घसा कोयीने बंद झाला असता तर ढेकर अडकून तिचं पोट फुगायला हवं होतं. हिची भकाळी खपाटीला गेलेली होती. मागचे पाय लटपटत होते. हे सगळं हात न लावता दिसण्यासारखं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं.

गाय तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. पण सर निकालासाठी थांबलेच नव्हते. त्याच दुपारी त्यांनी बापलेकाला नळाखाली बसवून साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि क्लिनिकातल्या मामांना सोबत देऊन ऑटोने मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात इंजेक्शनांसाठी धाडलं. पोराच्या अंगठ्यावर विळ्याची ताजी जखम होती. पुढे तो पोरगा पोळ्याआधी बैलांचे खांदे दाखवायला यायचा आणि मला बघून हसायचा. मला काही त्याच्यासारखं हसता यायचं नाही.

मामा म्हणजे क्लिनिकचे परिचर. दोर टाकून बैल आडवा करायचा तर आमच्यातले सहा जण लागत, मामांना दोन पुरत. गाभण तपासणीची खरी शाळा त्यांचीच. सर कत्तलखान्यातून आणलेली गर्भाशयं ट्रेमध्ये टॉवेलखाली झाकून ठेवायचे आणि न बघता चाचपायला लावायचे. ते जमायचं. जिवंत गाईत मात्र हात शेणाच्या वाटेने घालून आतड्यातून गर्भाशय चाचपायचं. कित्येक आठवडे हाताला फक्त शेण लागलं, आणि आतून ती असा हात आवळायची की बोटं बधिर व्हायची.

"काय लागून राहिलं?" मामा विचारत.

"गर्भाशयाचं मुख."

"ते शेण होय बाप्पा. शेण दबते. मुख नाही दबत."

एवढं सोपं करून कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. एक दिवस ती न दबणारी, मुठीत मावणारी कडक नळी बोटांखाली आली. मी एवढ्या मोठ्याने "सापडलं!" म्हणालो की गाय दचकली आणि पुढचं माझ्या ॲप्रनने सोसलं.

शस्त्रक्रिया, पट्ट्या, शहरातल्या मोकाट गाईंच्या पोटातून टोपलं भरून निघालेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, हे सगळं केलं, सगळ्यांनीच केलं. सांगायची राहिली ती इंटर्नशिपची एक रात्र. आमची इंटर्नशिप सहा महिन्यांची होती. २०१६ च्या नियमांनी ती वर्षाची झाली, हे फार बरं झालं.

संकरित जर्सी, आदल्या दिवशी व्यालेली. गोठ्यात बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली, कान थंडगार. ताप नाहीच, उलट पारा ९९ वर, गाईसाठी तो कमीच. दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटणं; नावात ज्वर आणि अंगात नाही. पाच मिनिटं हात मागे ठेवून बघितली होती, निदान पक्कं होतं, त्यामुळे छाती फुगलेली. मानेच्या शिरेत सुई लावली, कॅल्शियमची बाटली डोक्यावर उंच धरली. दवाखान्याचे पट्टीबंधक, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसले होते. अर्धी बाटली झाली असेल, त्यांनी एकाएकी नळी चिमटीत दाबली आणि स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. ठोके चुकत होते. दोन पडायचे, मग नुसती पोकळी. कॅल्शियम वेगाने गेलं तर काळीज बंद पडतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

"बाटली खांद्याच्या वर न्यायची नाही," ते हळूच म्हणाले. घरच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू.

ठोके ताळ्यावर आल्यावर उरलेली बाटली थेंब थेंब दिली. गाईच्या अंगावर थरथर उठली. तिने ढेकर दिली, शेण टाकलं आणि मागचं धूड उचलून उभी राहिली. घरची म्हातारी माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गुणाचा हात आहे बाबू तुया." पट्टीबंधकांना खोकल्याची उबळ आली. ते बाहेर निघून गेले.

महोत्सवाच्या बैठकीसाठी परवा कॉलेजात आलो. आमच्या वर्गात मुली तीन होत्या. आता क्लिनिकात सगळीकडे मुलीच दिसल्या. सोनोग्राफीचा पडदा आहे, लांब हातमोजे खोक्याने पडलेत, आम्ही एक हातमोजा धुऊन तीनदा वापरायचो. एक म्हैस ट्रेव्हिसमध्ये उभी होती, मी बघत थांबलो. किती वेळ, कळलं नाही. एक विद्यार्थिनी वही घेऊन जवळ आली.

"काका, म्हैस तुमची का? कधीपासून खात नाही?"

"नाही बेटा, मी असाच."

"मग थोडं बाजूला व्हा," ती म्हणाली, "लाथा मारून राहिली ती."