जयसिंगपुरात ऊन, गगनबावड्यात पाऊस: कड्यापर्यंतचा एक दिवस

शिरोळ तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही: डोक्यावर ऊन असतं आणि पंचगंगा दाराशी येते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आजोळचं नदीकाठचं घर पाण्यात गेलं तेव्हा मी सातवीत होते. आमच्याकडं एवढा पाऊस झालाच नाही, मग हे पाणी आलं कुठनं, असं मी आजीला सारखं विचारत होते. ती म्हणाली, "बावड्याकडचं हाय."

यंदा कॉलेजात भूगोल घेतला आणि जुलैतल्या एका रविवारी ते बावडं, म्हणजे गगनबावडा, बघायला निघाले. सोबत कोल्हापूरचा मामा. निघताना पाऊस मोजायला सरळ कडेच्या दोन प्लास्टिकच्या बरण्यांना बाहेरून मोजपट्टी चिकटवली. एक आमच्या जयसिंगपूरच्या गच्चीवर ठेवली, दुसरी पिशवीत घेतली.

जयसिंगपूरहून कोल्हापूरला रेल्वेनं गेले. स्टेशनपासून मध्यवर्ती बस स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथून गगनबावड्याची एसटी. अंतर ५५ किलोमीटर, पावसात दोन तास धरा. महिलांना अर्धं तिकीट आहे. सकाळची लवकरची गाडीच पकडा, कारण दुपारनंतर कड्यावर धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. बसमध्ये खिडकी मिळवाच. या प्रवासात अर्धा अभ्यास खिडकीतून होतो. बालिंगा सोडलं तेव्हा काच कोरडी होती. कळ्याला भुरभुर सुरू झाली. असळजच्या पुढं वायपर थांबेना. उसाचे फड मागं पडले, भाताची खाचरं आली, खाचरात इरली पांघरून वाकलेल्या बायका रोपं लावत होत्या. कुंभी नदी बराच वेळ रस्त्याच्या सोबतीनं होती, गढूळ आणि काठोकाठ.

आकडे वर्गात ऐकलेले होते. शिरोळकडं वर्षाला ५००-६०० मिलिमीटर, कोल्हापूर शहरात १,०००च्या आसपास आणि गगनबावड्यात ५,०००च्या वर. पण वहीतले हे तीन आकडे एकाच सकाळी अंगावर येतात तेव्हा त्यांचा अर्थ कळतो.

आणखी एक गोष्ट मला बसमध्येच खटकली. घाट कुठंय? सह्याद्री गाठायचा म्हणजे वळणावळणानं चढायचं, असं मनात होतं. थोडाफार चढउतार सोडला तर कोल्हापूर ते गगनबावडा खरा घाट लागतच नाही. गावापुढं रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीला, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं, आणि दोन्ही नुसते उतरतात. करूळच्या तोंडाशी उभं राहिलं की पायाखालची जमीन संपते आणि सुमारे दीड हजार फूट खाली कोकण दिसतं. पलीकडं सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर समुद्र.

तिथं मला पुस्तकातला धडा कळला. हिमालय हा वली पर्वत आहे. भारताचा भूखंड आशियाला भिडला, मधल्या समुद्रतळाच्या थरांना घड्या पडल्या आणि ते उचलले गेले. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्री जिवांचे अवशेष असलेला चुनखडक सापडतो. आपल्या सह्याद्रीची गोष्ट निराळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यांचं पठार झालं. पुढं पश्चिमेचा भाग तुटून वेगळा झाला. आजची सेशेल्स बेटं त्याच सुमारास आपल्यापासून दुरावली. तुटलेली कड उचलली गेली, मग पाऊस आणि ओढे तिला झिजवत पूर्वेकडं मागं सारत राहिले. कोकणातून जो डोंगर दिसतो ती पठाराची कड आहे. आपण कोल्हापूरकर आधीपासून त्या पठारावरच राहतो, मग चढायचं कशाला?

ही कडच पाऊस पाडते. समुद्रावरून आलेली दमट हवा इथं आडवी अडते, वर चढते, फुगते आणि थंड होते. थंड हवेला बाष्प पेलत नाही. यालाच प्रतिरोध पाऊस म्हणतात. कड ओलांडली की हवा उतरू लागते, तापते, ढग विरळ होतात आणि आमच्या वाट्याला पर्जन्यछाया, म्हणजे कमी पावसाचा पट्टा, येते. हिमालयही मोसमी वाऱ्यांना उत्तरेत असाच अडवतो, शिवाय हिवाळ्यात मध्य आशियातली गार हवा आपल्याकडं येऊ देत नाही.

मामाला मात्र यातलं एकच पटेना. "पाणी हितं पडतंय आणि समुद्र हितं समोर. मग ते आपल्याकडं कशाला येतंय?" प्रश्न अगदी बरोबर होता. पठाराचा उतार पूर्वेला आहे. कडेच्या दोन हात अलीकडं पडलेला थेंब कुंभीत जातो. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांची पंचगंगा होते, नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते आणि ते पाणी हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला पोचतं. दोन हात पलीकडचा थेंब करूळच्या दरीत पडून अरबी समुद्रात जातो. मामा बराच वेळ दरीकडं बघत उभा होता.

बरणी उघड्यावर, झाडांपासून लांब ठेवली आणि आम्ही टपरीत भजी खाल्ली. तासाभरात २१ मिलिमीटर पाणी जमलं. एका तासावरून हवामान ठरत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ती रेघ बघताना हात थरथरले.

गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, दर्शनाला लोक येत असतात. धुक्यात वरून काही दिसलं नाही. खडक बघायचे असतील तर ऑक्टोबरात या. घाटातल्या कापलेल्या कडांमध्ये लाव्ह्याचे थर आणि मधूनमधून विटकरी लाल पट्टे तेव्हा नीट दिसतात. एक थर थंड होऊन त्याची माती व्हायला लागली आणि मग पुढचा लाव्हा त्यावर आला, असं तो पट्टा सांगतो. जवळच पळसंब्याला ओढ्यातल्या कातळात कोरलेली रामलिंगाची लेणी आहेत. पावसात ओढ्यात उतरू नका.

जाणाऱ्यांनी वही शिसपेन्सिलीनं लिहावी. माझी शाईची दोन पानं धुऊन गेली. छत्री इथं उलटते, रेनकोटच घ्या. घाट दरड कोसळून बंद असतात, त्यामुळं निघण्याआधी चौकशी करा. घाटात वळणावर थांबून फोटो काढू नका, वरून दगड येतात. मुलींनी स्वच्छतागृहाची सोय स्थानकावरच उरकावी. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. मुख्य म्हणजे मांडुकली, खोकुर्ले भागात रस्त्यावर पाणी येतं आणि मार्ग बंद होतो. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज जाहीर होते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ३९च्या जवळ असेल तर जाऊच नका.

रात्री घरी पोचल्यावर आधी गच्ची गाठली. बरणीचा तळ नुसता ओला होता, मोजण्याइतकं काही नव्हतं.

मंगळवारी नृसिंहवाडीला गेले. नदीघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, पाणी तांबडंलाल, आणि पाठीवर चांगलं ऊन पडलं होतं. शेजारी उभ्या आजींनी विचारलं, "पाऊस नाही नि पाणी कसं गं चढतंय?" मी त्यांना बरणीची गोष्ट सांगायला बसले.