स्प्रिंग बदलणं: मागचं झालं, पुढचं कॉम्प्रेसरवर अडलं होतं

गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा एका दुपारीत झाल्या. त्यात मर्दुमकी काही नाही. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग, त्यामुळे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळीच बसते. गाडी स्टँडवर घेतली, बीमखाली जॅक दिला, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू उतरवला, की स्प्रिंग मोकळी. ब्रेकच्या पाइपला ताण बसत नाही ना, एवढं बघायचं.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत. तिथली स्प्रिंग शॉकअपभोवती दाबूनच बसवलेली असते आणि तिला अडवून धरतो वरचा एक नट. कागदावर हिशोब मांडला. समजा, स्प्रिंग १ मिमी दाबायला २५ न्यूटन लागतात. १५० मिमी दाबली की जोर ३७५० न्यूटन, म्हणजे ३८० किलोच्या वजनाइतका. साठलेली ऊर्जा सुमारे २८० ज्यूल. १० किलोचा दगड जवळजवळ तीन मीटरवरून पडावा तेवढी. हा आकडा निघाल्यावर हत्याराचा शोध जरा गांभीर्याने घेतला.

मित्राचा आकडेवाला, म्हणजे हुकांचा, कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) हाताशी होताच. आटे पाडलेल्या दोन दांड्या, प्रत्येकीला दोन आकडे. उतरवलेली जुनी स्प्रिंग त्यात धरून थोडीशीच दाबून पाहिली. आकडे बरोबर समोरासमोर नव्हते, शिवाय एका दांडीला दोन-तीन फेरे जास्त पडले, आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. मग लक्षात आलं की वेढा मुळातच तिरका असतो, त्यामुळे आकडा उतारावरून सरकू पाहतो. आकडा अडकवून ठेवणारी पिन असली तर तो वेढ्यावरून सुटणार नाही, पण वेढ्याच्या उतारालगत सरकायचा तो सरकेलच. या कॉम्प्रेसरला तर पिनाही नव्हत्या. गुपचूप उलटे फेरे देऊन सैल केला आणि परत केला. (मित्राने त्यावर बरीच वर्षं कामं केली आहेत. करोत बापडे.)

शेवटी एकाच स्क्रूचा, जबड्यांचा कॉम्प्रेसर भाड्याने घ्यायचं ठरवलं. त्याचे अर्धगोल जबडे वेढ्याला खोबणीत धरतात, त्यामुळे दोन बाजू समान ठेवायची कटकट उरत नाही. मात्र जबडा स्प्रिंगच्या व्यासाचाच हवा, म्हणून आधी बाहेरचा व्यास आणि तारेची जाडी मोजून घेतली. स्प्रिंग मध्ये फुगीर किंवा टोकाला निमुळती असेल, तर दोन्ही जबड्यांचं माप वेगळं येऊ शकतं. हत्यारावर भारक्षमता कोरलेली नसेल तर मी ते उचलणारही नाही. तुटलेल्या स्प्रिंगवर हे कुठलंच घरी वापरू नये; तुकडा कुठे फिरेल याचा नेम नाही.

इम्पॅक्ट गनचा (धक्के देत नट भराभर फिरवणारं यंत्र) मोह मलाही झाला. पण जोराखाली कॉम्प्रेसरचे आटे भराभर फिरले की तापतात, ओरबाडले जातात, आणि त्याचा नट अर्ध्यात जाम झाला तर दाबलेली स्प्रिंग तशीच समोर. त्यापेक्षा आट्यांना ग्रीस आणि हाताने रॅचेट. स्प्रिंग खालच्या-वरच्या बैठकीत हाताने हलू लागेपर्यंत स्ट्रटच्या वरच्या नटाला हात लावायचा नाही, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या टोकासमोर आणायचं नाही.

हा नट सोडताना शॉकअपचा मधला दांडा गरागरा फिरतो. त्याला पक्कड लावली की ओरखडा, आणि ओरखड्याने तेल अडवणारं सील गेलं. म्हणून मधून आरपार भोक असलेलं सॉकेट आणि आतून ॲलन की. नवे नट आणि टॉप माउंटची (स्ट्रट वर गाडीला जिथे बसतो तो भाग) बेअरिंग आणून ठेवली आहेत.

सध्या डाव्या स्ट्रटचे गंजलेले बोल्ट तेलात भिजताहेत. दोन्ही बाजू झाल्या की चाकांची अलाइनमेंट.