बेड नंबर चार आणि पाळकबाई

मी कोल्हापुरात आयसीयूत सिस्टर आहे. हॉस्पिटलचं, पेशंटचं, मंडळीचं (म्हणजे चर्चचं) कुणाचंच नाव देणार नाही, पण लिहायचं ठरवलंय, कारण बाईनं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हावं का, गे माणसाला त्या पदाची दीक्षा द्यावी का यावर आमच्या ख्रिस्ती लोकांत जे चाललंय ते बाहेरच्यांना मीटिंगमधलं भांडण वाटतं आणि मी ते पेशंटच्या उशाशी बघितलंय.

आजी ऐंशीच्या घरातल्या. हार्ट फेल्युअर, किडन्या पण गेलेल्या, डायलिसिस नको हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क लावला की बोलता येत नाही म्हणून आम्ही पॅड आणि पेन देतो. सकाळचा राउंड झाल्यावर त्यांनी थरथरत लिहिलं, प्रभुभोजन. म्हणजे येशूच्या आठवणीत पाळकाच्या हातून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. मी पण ख्रिस्ती, त्यामुळं कुणाला विचारायला लागलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले गिळताना छातीत गेलं तर अवघड होईल, ओठाला लागेल इतकंच द्या आणि मास्क दोन मिनिटांच्या वर काढू नका.

धाकट्या मुलानं त्यांच्या पाळकांना फोन लावला. त्या पाळक म्हणजे एक बाई आहेत, रीतसर सेमिनरी (पाळकांचं कॉलेज) करून, बिशपांच्या हातून दीक्षा घेतलेल्या. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एक होऊन झाली आणि तिच्यात बायकांना दीक्षा मिळते, हे काही कालचं नाही. पण थोरला मुलगा वेगळ्या झालेल्या एका गटात जातो, आणि त्या गटाचं म्हणणं, बाईनं दिलेलं प्रभुभोजन हे प्रभुभोजनच नव्हे. त्यानं मला दाराबाहेर गाठलं.

"सिस्टर, तीमथ्याचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बारावं वचन वाचा. बाईनं शिकवायचं नाही, पुरुषावर अधिकार गाजवायचा नाही. माझ्या आईला शेवटाला मी हे करू देणार नाही. आज बाई आली, उद्या ते तसले पुरुष पाळक म्हणून येतील. अमेरिकेत मेथडिस्टांचं काय झालं बघा की, हजारो चर्च फुटले."

आमचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, दारातच ट्रॉली घेऊन उभा होता, सिरिंज पंपाचं औषध भरत होता. तो गे आहे. त्याला विचारूनच लिहितेय. तरुण संघात गिटार वाजवणारा पोरगा, लहानपणापासून पाळक व्हायचं म्हणायचा, आणि स्वतःबद्दल कळल्यावर सेमिनरीचा फॉर्म आणून तसाच ठेवला, भरलाच नाही, नर्सिंगला आला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. सिरिंजवरचं लेबल चिकटवलं, वेळ लिहिली, सही केली आणि आत गेला. हात जराही हलला नाही त्याचा आणि मला मात्र गळ्याशी आवंढा आला.

थोरल्यानं सांगितलेली फूट खोटी नाही हे मी मान्य करते. युनायटेड मेथडिस्ट चर्च या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं २०१९ ला सेंट लुईसच्या सभेत गे पाळकांवरची बंदी आणखी कडक केली, तिथपासून २०२३ संपेपर्यंत अमेरिकेतले साधारण ७,६०० चर्च बाहेर पडले, म्हणजे तिथले जवळजवळ चौथा हिस्सा, आणि मे २०२४ ला उरलेल्यांनी ती बंदीच उठवली. पण "आज बाई, उद्या ते" हा हिशोब तिथं बसत नाही ओ. त्या मंडळीत बायकांना पाळक म्हणून पूर्ण हक्क १९५६ लाच मिळालेत. आणि बाहेर पडलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी जे ग्लोबल मेथडिस्ट चर्च धरलं ते गे पाळक मानत नाही, पण बायकांना दीक्षा देतं. दोन्ही प्रश्न एका गाठोड्यात बांधून लोकांना घाबरवायचं, एवढंच चाललंय आपल्याकडं, आणि दोन्हीकडच्या माणसांचा त्यात अपमान होतो.

पाळकबाई आल्या तेव्हा भाऊ-भाऊ जिन्यात भांडत होते. बाई आत घुसल्या नाहीत. नर्सिंग काउंटरजवळच्या स्टुलावर बसल्या, मी चहा दिला. मी म्हटलं बाई तुम्हाला राग येत नाही का, तर त्यांनी मला फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांची हकीकत सांगितली. युद्धाच्या काळात मकाऊमध्ये निर्वासितांची गर्दी, जपान्यांमुळं तिथं प्रीस्ट पोचू शकत नव्हता, लोकांना प्रभुभोजन द्यायला कुणी नाही, म्हणून हाँगकाँगच्या बिशप हॉल यांनी जानेवारी १९४४ ला या बाईंना प्रीस्ट केलं. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळीतली पहिली बाई प्रीस्ट. युद्ध संपल्यावर एवढा गदारोळ झाला की बिशपांना त्रास नको म्हणून या बाईंनीच आपलं प्रीस्टचं लायसन्स परत दिलं. "अडचण होती तेव्हा चालली, अडचण सरली की नको," पाळकबाई म्हणाल्या. आणि आपल्या पंडिता रमाबाई, इंग्लंडला शिकवत होत्या तेव्हा बाई पुरुषांना शिकवणार याला मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती, त्याच रमाबाईंनी पुढं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. हे ऐकताना मला जिन्यातला तो आवाज आणखीच सहन होईना.

मी दोघांना आत बोलावलं. बोलावणं माझं कामच आहे, पेशंट शुद्धीवर आहे, तिची इच्छा तिलाच विचारायची, नातेवाइकांची नंतर. आजींना पॅड दिलं, सांगितलं पाळकबाई आल्यात, थोरल्यांना चालत नाही, तुम्ही काय म्हणता. आजींनी बराच वेळ पेन नुसतं धरलं. मग लिहिलं, "तिला बोलव." त्याच्याखाली थोरल्याचं घरातलं नाव आणि, "तू जाऊ नको."

तो बघतच राहिला.

बाईंनी हात धुतले, गाऊन घातला. ब्रदरनं आजींना मानेखाली हात घालून उचललं, उशी सरकवली, मी मास्कचा पट्टा सोडला, ओल्या गॉजनं ओठ पुसले. बाईंनी भाकरीचा मोहरीएवढा कण द्राक्षरसात भिजवून चमच्याच्या टोकावरनं ओठांना लावला, वाक्यं मोजकीच बोलल्या, मोठ्यानं नाही. धाकट्यानं घेतलं. मी घेतलं. ब्रदरनं घेतलं नाही, तो आजींना धरून होता आणि डोळे मॉनिटरवर, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन खाली चाललेलं. थोरल्यानं पण घेतलं नाही. पण गेला नाही, पायाशी उभा राहिला, आईचा अंगठा हातात धरून. मास्क परत लावला तेव्हा आजी त्याच्याकडंच बघत होत्या.

नंतर तो मला म्हणाला, सिस्टर मी इथं थांबलो होतो हे आमच्यातल्या कुणाला कळू देऊ नका. मला त्या माणसाचा राग होता तो तिथं गेला. आईच्या मरणापाशी थांबल्याचं लपवावं लागतं अशी त्याची मंडळी, याचं फार वाईट वाटलं.

आजी पहाटे गेल्या. दफनाला बोलायचं कुणी यावरनं परत वाद झाला म्हणे, मी ड्यूटीवर होते.

एक गोष्ट मी आमच्या सगळ्या पोरींना सांगत असते. ऑक्टोबर २०२५ ला कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या धर्मगुरू, म्हणून पहिल्यांदा एका बाईचं नाव जाहीर झालं, सारा मुल्लाली, आणि त्या आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर. गॅफकॉन या जुन्या मताच्या अँग्लिकन गटानं लगेच विरोध केला, तो पण बायबलच हातात घेऊन. पण आपल्यातली एक तिथवर गेली.

त्या दिवशी लिफ्टपाशी ब्रदरनं पाळकबाईंना विचारलं, माझ्यासारख्याला कधी होता येईल का पाळक. बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आज आपल्याकडं मी तुला शब्द देऊ शकत नाही, पण तू मंडळीत परत ये, माझ्या शेजारी बस. मला ते उत्तर कमी वाटलं आणि मी तिथंच तसं बोलले. त्या म्हणाल्या, कमीच आहे, आम्हाला पण वर्षानुवर्षं थांबा थांबा हेच ऐकायला लागलंय.

मी आमच्या पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, अर्ज दिलाय. दोन मागण्या. आजारी माणूस ज्या पाळकाला बोलवेल त्याला किंवा तिला नातेवाइकांनी अडवायचं नाही हे मंडळीत स्पष्ट वाचून दाखवा, आणि गे माणसांच्या दीक्षेवर आडून बोलण्यापेक्षा बिशपांना बोलावून उघड चर्चा ठेवा. पहिली सही माझी आहे. दुसरी आजींच्या धाकट्या मुलाची. थोरल्याकडं पण मी कागद पाठवलाय, तो अजून परत आलेला नाही.