एएस पॅटर्न: फळ्यावरचा चौकोन आमच्या घरी आला

नववीचा 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळेत सहा वर्षं शिकवला. मेंडेलचा वाटाणा, उंच आणि बुटका, प्रभावी आणि अप्रभावी, चार घरांचा चौकोन, 3:1. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा परिच्छेद आला की मुलं कान टवकारायची, कारण आमच्याकडे हा आजार पुस्तकातला नाही. माझ्याच वर्गातला एक मुलगा दर थंडीत आठ-आठ दिवस गैरहजर असायचा, हातापायांच्या दुखण्याने. एवढं सगळं डोळ्यासमोर असूनही लग्नाआधी मी स्वतःचं रक्त तपासलं नव्हतं.

दिवस गेल्यावर सातव्या आठवड्यात आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला गेले. सिस्टरने बोट टोचून थेंबभर रक्त औषधाच्या पाण्यात मिसळलं आणि पाच मिनिटांनी ती काचेची नळी काळ्या रेघा छापलेल्या कागदासमोर धरली. शेजारच्या बाईच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसत होत्या. माझी नळी गढूळ होती, पलीकडची एकही रेघ दिसेना. सिस्टर म्हणाली, "मॅडम, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आहे. पण यावरून एएस की एसएस ते कळत नाही, पुढची तपासणी लागेल."

आठवड्याने रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचं) 36 टक्के, बाकी बहुतेक ए (नेहमीचं). म्हणजे एएस पॅटर्न, वाहक. फळ्यावर मी शिकवत आले होते की अप्रभावी गुण झाकलेला राहतो. इथे तो झाकलेला नव्हता, नळीत उघड दिसत होता. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन तयार होतं. फक्त ए पुरेसं असल्यामुळे माणूस ठणठणीत राहतो. आई-बाप दोन्हीकडून एस आला, म्हणजे एसएस, तर मात्र ए तयारच होत नाही आणि आजार होतो. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते. त्या मुलाचं दुखणं मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. त्यांनी कपाटातून एक जुना कागद काढला. कॉलेजात असताना शिबिरात तपासणी झाली होती. त्यावरही एएसच लिहिलं होतं. "वाहक आहात, तुम्हाला काही होणार नाही," एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. ते खरंच होतं. पण जोडीदाराची तपासणी करून घ्या, हे एक वाक्य कुणी बोललं नाही. मला त्याचा राग आजही आहे.

सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "आमच्या घरी नाही असं काही. तुझ्या माहेरूनच आलं असन." मी भांडले नाही. रात्री वहीच्या पाठपानावर चौकोन काढला, वर माझे ए आणि एस, बाजूला मिस्टरांचे ए आणि एस. एक घर एए, दोन घरं एएस, एक घर एसएस. मूल आजारी होण्यासाठी दोघांकडून एकेक एस यावाच लागतो, एकट्या माझ्याकडून काही होत नाही, हे मी त्यांना दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांच्या बहिणीच्या मुलाबद्दल बोलल्या. पोर सारखं पिवळं पडायचं, सांधे धरून रडायचं, नवव्या वर्षी गेलं. "तेव्हा आम्ही बाहेरचं म्हटलं." पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून बोट पुढे केलं. त्यांचाही पॅटर्न एएस निघाला. जन्मभर धानाची रोवणी केलेल्या बाईला आपल्या रक्तात काही आहे याची शंकाही आली नव्हती. माझ्या माहेरी तपासलं, तर बाबा एएस.

आता प्रश्न बाळाचा होता. नागपूरला समुपदेशक ताईंनी पुन्हा तोच चौकोन काढला. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "चारात एक म्हणजे पहिली तीन चांगली होतीन ना?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण गावात सगळे हेच धरून चालतात. मेंडेलने 7,324 दाणे मोजले तेव्हा 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले, म्हणून ते 3:1 दिसलं. एकेक शेंग सोलली तर तो हिशेब सापडेलच असं नाही. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्याने उचलली जाते, आधीच्या मुलाला काय आलं त्याचा पुढच्याशी संबंध नसतो. ओळखीच्या एका घरात दोनच मुलं आहेत आणि दोन्ही एसएस. माझ्यापुढे तर एकच दाणा होता.

बाराव्या आठवड्यात बाळाचा पॅटर्न बघायची तपासणी ठरली. आधी आम्हा दोघांचं रक्त घेतलं. मग फॉर्मवर सह्या: गर्भाचं लिंग विचारणार नाही, सांगितलं जाणार नाही. कायद्याने ही तपासणी अशा रक्तदोषांसाठी करता येते, लिंग सांगणं मात्र गुन्हा. पोटावर भूल दिली, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी लांब सुई वारेपर्यंत नेली. दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवला. नंतर त्यांनी छोटी काचेची ताटली उजेडात धरली. पाण्यात पांढऱ्या, फांद्या फुटलेल्या बारीक तंतूंचे तुकडे तरंगत होते. "वारेचा हा भाग बाळाच्याच पेशींपासून झालेला असतो," त्या म्हणाल्या. तांदळाच्या कणीएवढे ते तुकडे मी डोळे भरून पाहिले. त्यात माझ्या पेशी मिसळल्यात का, हेही प्रयोगशाळेत तपासतात, नाहीतर बाळाऐवजी आईचाच रिपोर्ट यायचा.

मग अकरा दिवस. एसएस आलं तर काय, यावर आम्ही दोघं रोज बोललो आणि रोज वेगळ्या ठिकाणी पोचलो. ताईंनी दोन्ही बाजू नीट सांगितल्या होत्या: लसी, पेनिसिलिन, हायड्रॉक्सीयुरिया यांमुळे आज अशी मुलं पूर्वीपेक्षा खूप चांगली वाढतात, पण उपचार जन्मभर चालतात आणि दुखण्याचे झटके येतात. निर्णय तुमचा, असं त्या म्हणाल्या आणि एका शब्दानेही त्यांनी आम्हाला कुठे ढकललं नाही.

फोन शाळेच्या मधल्या सुट्टीत आला. एएस. मी व्हरांड्यातच खाली बसले.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिचा रिपोर्ट तिच्या जन्मदाखल्याच्या फाईलमध्येच लावून ठेवलाय. वर्गातला तो मुलगा दहावी झाला. त्याच्यानंतर मी कुठल्याच मुलाला तासाला पाणी प्यायला किंवा थंडीत स्वेटरवर कानटोपी घालायला अडवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत नणंदेला स्थळ आलं. ती एएस आहे हे आम्हाला ठाऊक होतं. चहा झाल्यावर सासूबाईंनीच सरळ विचारलं, "मुलाचा पॅटर्न काय?" पाहुणे गोंधळले, पण चार दिवसांत रिपोर्ट पाठवला: एए. सासूबाई तो घेऊन माझ्याकडे आल्या. मी पाकिटाच्या मागे चौकोन काढला. दोन घरं एए, दोन एएस. त्यांनी चारही घरांवर एकेक करून बोट ठेवलं. "एसएस कुठंच नाही," म्हणाल्या, आणि पाहुण्यांना फोन लावायला उठल्या.