गार झाला की सुटणारा ब्रेक

रविवारी सकाळी साडेदहाला एका काकांचा फोन आला. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, उतार लागला आणि नवले पुलाच्या अलीकडे गाडी सर्व्हिस रोडला घ्यावी लागली. पुढच्या डाव्या चाकातून धूर, जळका वास, आणि अ‍ॅक्सिलेटर सोडला की मागून कुणीतरी धरल्यासारखी गाडी थांबते. मी फोनवरच सांगितलं, चाकावर पाणी मारू नका, हँडब्रेक ओढू नका, गिअर टाकून चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, कधी तडकते. मागचा ड्रम तापलेला असताना हँडब्रेक ओढला, तर गार होताना ड्रम आकसतो आणि लायनरला, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, आवळून धरतो.

"मेस्त्री, तुम्ही कशाला येता? अर्ध्या तासात गार होते, मग आणतो हळूहळू. मागच्या दोन्ही वेळेला असंच झालं."

या वाक्यामुळे मी उलट घाईनेच निघालो. गंजून अडकलेला पिस्टन सहसा गार झाला म्हणून सुटत नाही. गार झाल्यावर आपोआप सुटणाऱ्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये प्रेशर कोंडलेलं असतं, आणि ते पकडायचं तर ब्रेक धरलेला असतानाच. गाडी गार करून गॅरेजला आणली की चारही चाकं मस्त फिरतात, आणि आपण पुन्हा पॅड बदलून देतो.

वडगावातून पंधरा मिनिटांत पोहोचलो. गाडी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस नसलेली, पुढे डिस्क, मागे ड्रम. टेम्परेचर गनने डावी डिस्क 190 अंश, उजवी 140, मागचे ड्रम 60च्या आसपास. (गन डिस्कच्या चकचकीत भागावर धरू नये, आकडा कमी येतो. गंजलेल्या कडेवर धरावी.) पुढची दोन्ही बाजू तापली होती, म्हणजे गडबड एका चाकापुरती नव्हती. डावं जास्त का, हा प्रश्न बाजूला ठेवला.

जॅक लावला. उजवं चाक दोन हातांनी जेमतेम हलत होतं, डावं अजिबात नाही. अशा वेळी बरेच जण आधी कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, ऑइल सोडायचा निपल सैल करतात. ऑइलची पिचकारी उडते, चाक सुटतं, आणि कॅलिपर खराब असा निकाल लागतो. निपल उघडला की त्या लाईनचं प्रेशर वरपासून खालपर्यंत निघून जातं, मग ते पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलेंडरपाशी कोंडलं होतं की आतून फुगून बंद झालेल्या रबरी होजमध्ये, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून वरून खाली यायचं. आधी मास्टर सिलेंडर, मग त्याच्या तोंडाशी असलेला पाईप, मग होज, शेवटी निपल.

त्याआधी पेडल बघितलं. स्टॉप लाइटचा स्विच पेडलला दाबून धरत नव्हता, हाताने दाबल्यावर तीन-चार मिलिमीटर फ्री प्लेही होता. यामुळेच आधी कुणाला वर बघावंसं वाटलं नसावं.

इंजिन बंद ठेवून मास्टर सिलेंडर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) धरणारे दोन्ही नट सैल केले आणि सिलेंडर तीनेक मिलिमीटर पुढे ओढला. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण पोऱ्याने उघडून धरलं होतं. आतलं ऑइल खालून उसळलं, उकळी फुटावी तसं, आणि उजवं चाक हाताच्या एका धक्क्याने गरगर फिरलं. डावं हललं, पण जड. मग डाव्याचा निपल उघडला. दोन थेंब आले, प्रेशर काही नाही, चाक तसंच जड. म्हणजे दोन आजार होते. एक वर मास्टर सिलेंडरपाशी, दुसरा डाव्या कॅलिपरमध्ये, निव्वळ मेकॅनिकल.

वरचा आजार असा. जुन्या पद्धतीच्या मास्टर सिलेंडरमध्ये पिस्टनच्या सीलच्या अगदी पुढे, मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर, टाकीत उघडणारं एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडतं आणि लाईनमधलं जादा ऑइल टाकीत परततं. पिस्टनला ढकलणारा बूस्टरचा पुश रॉड जरा लांब असला, तर पिस्टन तेवढाच पुढे राहतो आणि सील भोक झाकून बसतं. सकाळी गाडी काढताना काही जाणवत नाही. चार वेळा ब्रेक मारल्यावर कॅलिपरमधलं ऑइल तापतं, फुगतं, परतायला वाट नाही, म्हणून तेच पिस्टनला पॅडवर दाबतं. पॅड घासतात, आणखी तापतं, आणखी फुगतं. बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर तर ब्रेकवरचा पाय निघतच नाही.

याच्या पुढची पायरी जास्त भीतीची. ऑइल तापून उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल सरळ खाली जातं. आत्तापर्यंत न सुटणारा ब्रेक मग लागतच नाही. नवीन डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलची हमी 140 पर्यंतच असते. डॉट 4 ची 230 आणि 155. काकांच्या टाकीतलं ऑइल काळ्या चहासारखं होतं.

गार झाल्यावर, नट सैलच ठेवून, गाडी दोरीने ओढत गॅरेजला आणली, माझ्याच गाडीमागे, पंधराच्या वेगाने आणि हँडब्रेकच्या भरवशावर. अंतर थोडं होतं म्हणून. एरवी असं करू नये.

गॅरेजमध्ये बिलं बघितली. दोन महिन्यांपूर्वी पेडल हळूहळू खाली बसतं म्हणून एका गॅरेजने मास्टर सिलेंडर बदलला होता. तो बदल योग्यच. नंतर ब्रेक धरतो म्हणून पॅड, मग कॅलिपर किट, मग डिस्कला लेथवर हात. मास्टर सिलेंडरचं बिल सगळ्यात आधीचं होतं, पण तक्रार त्यानंतरच सुरू झाली हे कुणी जोडून पाहिलं नाही.

सिलेंडर उतरवला. पुश रॉडच्या टोकाच्या बोल्टवर पक्कडीचे ताजे, चमकणारे ओरखडे होते. सिलेंडर नुसत्या हाताने परत बूस्टरवर टेकवला, तर तो टेकेचना. आतली स्प्रिंग त्याला बाहेर ढकलत होती आणि भोवती दीड मिलिमीटरची फट दिसत होती. नट आवळून ती फट बळेच मिटवलेली. नवा सिलेंडर लावल्यावर पेडल खोल लागत असणार, आणि ते वर आणायला हा बोल्ट बाहेर काढलेला. पेडल खोल होतं त्याचं कारण मागे निघालं. दोन्ही ड्रमचे लायनर ड्रमपासून लांब राहिले होते, त्यांना जवळ आणणारे अ‍ॅडजस्टर जाम.

रॉड सेट करायला पोरांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिन माती वापरतो. रॉडच्या टोकावर चण्याएवढा गोळा, सिलेंडर बसवून नट आवळायचे, परत काढायचा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. फट हवी, पण मिलिमीटरच्या आतली. जास्त ठेवली तर पेडल पोकळ जातं. काही मॅन्युअलमध्ये हे माप बूस्टरला व्हॅक्यूम देऊन घ्यायला सांगितलंय, तिथे तसंच घ्यावं. शेवटी टाकीत बघत पेडल हळूच दाबायचं. पहिल्या हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक तरंग उठला की भोक उघडं आहे.

आता डावा कॅलिपर. आतल्या बाजूचं पॅड 4 मिलिमीटर उरलेलं, बाहेरचं 9. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिन अडकल्या की तो सरकत नाही, मग पिस्टनकडचं पॅडच सगळं काम करतं. वरची पिन हाताने निघाली. खालची व्हाइसमध्ये धरून, पिळत पिळत काढावी लागली. तिच्या टोकाची रबरी नळी फुगून जांभळासारखी टम्म झाली होती, आणि भोकात पिवळं चासिस ग्रीस. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉल असतं, आणि ब्रेकचं रबर ग्लायकॉलला चालणारं असतं. पेट्रोलियम ग्रीस लागलं की ते फुगतं. इथे सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही वाटाण्याएवढं. भोक भरून घातलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते.

पोऱ्याला नाना पेठेत पाठवायला रविवार आडवा आला, सामान सोमवारी आलं. दोन्ही बाजूंचे पॅड, पिनचं किट, पिस्टन सील. भोकं ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडी केली, ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला. अ‍ॅडजस्टर मोकळे करून लायनर ड्रमला हलके घासेपर्यंत आणले आणि एक दोन दाते मागे घेतले. ऑइल पूर्ण बदललं, पाऊण लिटर लागलं, निपलमधून स्वच्छ यायला लागेपर्यंत.

मंगळवारी सकाळी काकांना शेजारी बसवून जुना कात्रज घाट चढलो आणि मुद्दाम ब्रेक मारत उतरलो. खाली गन लावली. डावी 118, उजवी 112. पाच मिनिटं थांबून जॅक लावला, दोन्ही चाकं बोटाने फिरली, पॅडचा हलका घासल्याचा आवाज तेवढा.

"पेडल आधीपेक्षा खाली आलंय का हो?"

"बोटभर आलंय, काका. आता कुणाला वर घ्यायला सांगू नका."

फुगलेली पिन त्यांनी कागदात गुंडाळून डॅशबोर्डमध्ये ठेवली, आधीच्या गॅरेजला दाखवायला. हजार किलोमीटरला पिन आणि लायनर बघायला परत बोलावलंय.