गप्पींच्या आधीची रिकामी टाकी : माझा अनुभव

दुकानदार टाकी, पंप आणि गप्पी मासे एकाच खेपेत द्यायला तयार होता. "मॅडम, आज पाणी भरा, हे औषध टाका, उद्या मासे सोडा. काही होत नाही." काही होत नाही म्हणजे मासे मेले की पुन्हा त्याच्याकडेच यायचं. मी मासे सोडून बाकी सगळं मागितलं, तेव्हा त्याने फुकटचा कढीपत्ता मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मांडणीत फार काही नाही. २४ बाय १२ बाय १२ इंचाची टाकी, म्हणजे खडी-बिडी धरून साधारण ५० लिटर पाणी. खाली थर्माकोलची शीट. फिल्टर स्पंजचाच घ्या, बाकीचे पिल्लं ओढून घेतात. एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकलं. झालं.

मग सुरू झालं वाट पाहणं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. हे जिवाणू स्पंजात वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात, आणि तोवर त्यांना खायला अमोनिया लागतो. तो मासे न मारता द्यायचा म्हणून मी एक सोललेली कोळंबी मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाकीत कुजायला सोडली. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कोळंबी पाळणार आहेस होय?"

पहिला टप्पा पटकन गेला. अमोनियाच्या चाचणीत नळीतलं पाणी हिरवं झालं, मग हळूहळू पिवळ्याकडे वळलं, म्हणजे अमोनिया संपत आला. नायट्राइट चढलं. आणि चढून बसलं. रोज रात्री जेवणं उरकली की मी नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, नायट्राइटच्या चाचणीचे थेंब टाकायचे, हलवायचे, आणि पाच मिनिटांनी तोच जांभळा रंग. पिकलेल्या जांभळासारखा गच्च, रंगांच्या तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पलीकडचा. महिना उलटून गेला तरी तोच. घरी येणारा प्रत्येकजण काचेला नाक लावून विचारायचा, "मासे कुठायत?" नवरा सांगायचा, "लाजतात."

दुकानात फोन केला. तो म्हणाला, "मासे टाकले असते तर एव्हाना टाकी सेट झाली असती." वर जिवाणूंची एक बाटली गळ्यात मारली. त्या बाटलीवर तारीख नव्हती. ती किती दिवस उन्हात उभी होती देव जाणे. ओतली, आणि जांभळा तो जांभळाच. तारीख नसलेली बाटली कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नका. राग अजून गेलेला नाही.

कोडं सुटलं ते पीएचच्या, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणाऱ्या चाचणीने. साताखाली म्हणजे आंबट, आणि माझं पाणी सहाच्या आसपास आलं होतं. मग क्षारता मोजली, म्हणजे पाण्याची आंबटपणा झेलायची ताकद. त्या चाचणीत थेंब मोजत पाणी निळ्याचं पिवळं व्हायची वाट पाहायची असते. माझं पहिल्याच थेंबाला पिवळं, म्हणजे क्षारता जवळजवळ नाहीच. आपलं मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं, पावसाचं, म्हणजे मुळात मऊ, क्षार कमी असलेलं. आणि हे जिवाणू काम करताना क्षारता खातात : एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. ती संपली की पीएच घसरतो आणि जिवाणू संपावर जातात. बोअरचं जड पाणी असलेल्यांना हा त्रास सहसा होत नाही. ते आपल्याला "आमचं तर आपोआप झालं" म्हणून ऐकवतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

अर्धं पाणी बदललं. खाण्याचा सोडा एक सपाट चहाचा चमचा मगभर पाण्यात विरघळवून टाकला. टाकी रिकामी असतानाच हा उपाय. मासे असताना पीएच एकदम वर गेला तर साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. कायमची सोय म्हणून तिसऱ्यांचं सुकं झालं त्या दिवशीची शिंपं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ ठेवली. कॅल्शियम कार्बोनेटच ते, पाणी आंबट झालं की थोडं थोडं विरघळतं. गप्पींनाही पाणी जडच आवडतं. एका मैत्रिणीने तिच्या चालू टाकीतला स्पंज माझ्या टाकीत पिळून दिला. तिचे मासे ठणठणीत होते म्हणून घेतला. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर हे पहिल्याच दिवशी मागून घ्या.

मग एका रात्री नळीतलं पाणी आकाशी, म्हणजे नायट्राइट संपलं. मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं. कोणालाही काही वाटलं नाही.

पुढे सगळं सोपं. एका नराला दोन-तीन माद्या, नाहीतर नर मादीला श्वास घेऊ देत नाहीत. दुकानातली मादी बहुधा आधीच गाभण असते आणि नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते. त्यामुळे पहिल्या खेपांची पिल्लं तुमच्या देखण्या नराची असतील असं समजू नका. चारेक आठवड्यांनी शेपटीकडचा काळा डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसलं की समजायचं, पिल्लं येणार. प्लास्टिकच्या डबीत मादीला कोंडणं मला पटत नाही, ती घाबरते. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळाचा दाट गुंता पुरतो. आईच पिल्लं खाते, पण गुंत्यात तिला शिरता येत नाही.

पिल्लांना बारीक चुरलेलं खाणं दिवसातून तीन-चारदा, चिमटीच्या टोकावर मावेल इतकंच. अंड्याचा बलक द्या म्हणणारे भेटतील, पाणी नासतं. महिनाभरात नर ओळखू येऊ लागतात, तेव्हाच वेगळे करा.

हो, स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच पिळा. आणि पिल्लं फार झाली म्हणून तलावात-ओढ्यात सोडू नका. डासांसाठी पालिका गप्पी सोडते, ते तिचं तिला बघू दे. माझी जास्तीची पिल्लं मैत्रिणीकडे जातात, तिची माझ्याकडे येतात.